निवारा भरला आहे!

"धरमतरला जायचं म्हणजे जायचंच! जेटीवर जायचं, मालवाहू बार्ज बघायचा, खलाशाला सलाम ठोकायचा आणि संध्याकाळी घरी!" केरूने जाहीर केलं आणि एका कोऱ्या पांढऱ्या गणपतीच्या मांडीवर मूठ आपटली.

"आणि खलाशाने पाण्यात ढकललं तर?" कान्हूने विचारलं. कान्हू हा केरूचा धाकटा भाऊ. कुठल्याही बेतात बुडायची सोय किती आहे, हे तो आधी पाहून घेई.

"तर पोहत यायचं!"

"तुला पोहता येत नाही."

"म्हणून तर सरूला बरोबर घेतोय!"

सरू हसली. ती रोह्याची, या दोघांची आतेबहीण. तिचे वडील धाटावला कंपनीत शिफ्टला जात. घरात दिवसाढवळ्या कोणी ना कोणी झोपलेलं असल्यामुळे तिचं निम्मं बालपण कुजबुजण्यात गेलं होतं. मे महिना उजाडला की ती नागोठण्यावरून येणारी एसटी धरून पेणला मामाकडे येई आणि वर्षभराचं ओरडून घेई.

महिपतीमामांचा गणपतींचा कारखाना होता. कारखाना म्हणजे घरच. ओटीवर गणपती, माजघरात गणपती, जिन्याच्या पायऱ्यांवर छोटे गणपती. गेल्या वर्षी सरू झोपली ती दोन थोरल्या मूर्तींच्या मधल्या फटीत. कूस बदलायची तर सोंडेची परवानगी काढावी लागे. यंदा मात्र नवल! मागची खोली रिकामी होती आणि ती आख्खीच्या आख्खी सरूला मिळाली होती, खिडकीसकट.

"मामा, इथले गणपती कुठे गेले?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"गोडाऊन मिळालंय, भाचीबाई! पसर हातपाय!" मामा खुशीत म्हणाले होते.

"केरू! चपला काढ आधी!" विमलमामी आतून कडाडली. "समोरच्याला डोळे आलेत!"

केरूने जीभ चावली आणि चपला उंबऱ्याबाहेर भिरकावल्या. या घराचा हा रिवाज होता. मूर्ती कोरी असेपर्यंत खुशाल चपला घालून हिंडा. पण मामीने बारीक कुंचल्याने डोळे आखले, की त्या क्षणापासून त्या खोलीत चप्पल बंद. "पण प्राणप्रतिष्ठा अजून व्हायचीय ना?" असं एखाद्या व्यापाऱ्याने विचारलंच, तर मामी एवढंच म्हणे, "बघतोय तो." मग व्यापारी, हमाल, रंगारी, सगळे मुकाट्याने चपला काढत. मामांच्या हाताखालून गेलेल्या माणसांच्या अंगात तो रिवाज असा मुरला होता, की काम सोडून वर्षं झाली तरी जात नसे.

बसची चौकशी करायला तिघं स्टँडवर गेली. चौकशीच्या खिडकीत एक पाटी होती, 'चौकशी करू नये, वेळापत्रक पाहावे.' वेळापत्रकावर कोणीतरी चुना फासला होता.

"धरमतरला ना? वडखळची गाडी आता सुटंल. तिथं उतरा नि पुढची धरा," बाकावरून एक मुलगी म्हणाली.

ती सरूएवढीच होती. दोन वेण्या, मांडीवर दप्तर, अंगात शाळेचा गणवेश. कडक इस्त्रीचा नव्हे, पण स्वच्छ.

"सुट्टीत गणवेश?" केरू म्हणाला. "तुझ्या मास्तरांना सुट्टी लागल्याचं कळवलं नाही का कोणी?"

मुलगी हसली नाही. "ह्या कपड्यांत बसलं का कोण उठवत नाय. लोकांना वाटतं शाळेची पोर हाय, गाडीची वाट बघते."

"कुठल्या गाडीची?"

"तेच तर. कोण इचारतच नाय."

केरू बाकावर तिच्याशेजारी टेकला.

बाकाखाली एक गाठोडं होतं, त्याला टेकून एक पातेलं आणि रॉकेलचा स्टोव्ह. सरूने ते पाहिलं आणि मुलीने सरूला ते पाहताना पाहिलं.

"मी पुतळी," ती म्हणाली. "आम्ही खाडीकडचे. आय मिठागरावर होती. बांधाला खांड गेली."

"म्हणजे बांध फुटला," केरू हलकेच सरूला म्हणाला.

"उधाणाचं पाणी घरात आलं. मातीच्या भिंती त्या, खाऱ्या पाण्यापुढं किती टिकतील? बसल्या खाली. बा त्याच्या आदल्या सालीच गेला, तापानं."

"बांध दुरुस्त नाही केला?"

"कागद गेलेत म्हणं वरती. पाणी मात्र रोज येतं नि जातं, बिनकागदाचं."

तिची आई सगुणा दिवसा एका कारखान्यात माती चाळायला जाई आणि रात्री दोघी या बाकांच्या मागे वाकळ टाकून झोपत. पण शनिवारी स्टँडची ही जुनी शेड पाडणार होते. मग सगुणाने ठरवलं होतं, की स्वतः कुठेतरी आडोसा बघायचा आणि पुतळीला कळंबोलीला एका बिऱ्हाडी पाठवायचं, मूल सांभाळायला. जेवण आणि झोपायला जागा मिळणार होती.

"आणि शाळा?" सरूने विचारलं.

पुतळीने दप्तराचा पट्टा उगाच घट्ट केला. "आय म्हणते, छप्पर महत्त्वाचं."

"अगं, पण निवारा आहे ना!" कान्हू एकदम ओरडला. "मागच्या गल्लीत! केवढी मोठी पाटी आहे!"

"हाय ना. आय रोज जाते तिथं. रोज भरलेला असतो."

बस आली. कंडक्टरने घंटी मारली. तिघंही जागची हलली नाहीत आणि बस वडखळकडे निघून गेली.

निवाऱ्याची पाटी खरोखरच मोठी होती. 'दीनसेवा मंडळ. बेघरांसाठी निवारा. सर्वांस मुक्त प्रवेश.' पाटीखाली दार आणि दारावर मुक्त प्रवेशाला शोभेल असं एक भलंमोठं कुलूप होतं. खिडक्यांना आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली. दाराशी खुर्ची टाकून रखवालदार हैबतराव बसले होते. त्यांनी दोन्ही पाय, चपलांसकट, समोरच्या स्टुलावर ठेवले होते. स्टुलावर पाण्याचा माठ होता.

"काका, जागा आहे का आत?" सरूने विचारलं.

"भरलाय."

"आवाज येत नाही कोणाचा."

"झोपलेत."

"दुपारी?"

"दमलेत बिचारे!" हैबतरावांनी माश्या वारल्या. "गरिबाला झोप येते म्हणून सुद्धा तुमच्या पोटात दुखतं का रे पोरांनो?"

"मग बाहेरून कुलूप कशाला?" कान्हूने विचारलं.

"झोपेत चालायची सवय असते काहींना!"

एवढ्यात आत काहीतरी धप्पकन पडलं. हैबतराव ताडकन उठले. कमरेची किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि दाराशी थांबले. त्यांनी चपला काढल्या, उंबऱ्यापाशी नीट जोडीने ठेवल्या. हात जोडले. डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. मग बोटभर दार उघडून सरपटल्यासारखे आत गेले आणि दार लावून घेतलं.

तिघं एकमेकांकडे पाहत राहिली.

"बेघरांना नमस्कार करून आत जातात!" कान्हू भारावून म्हणाला. "किती चांगले आहेत काका!"

"चांगले? माठाशेजारी चपला ठेवतो तो माणूस!" सरू म्हणाली. तिची नजर उंबऱ्यावर खिळली होती. "केरू, दारात चपला किती आहेत?"

"एकच जोड. त्यांचाच."

"आणि आत माणसं भरलीत?"

केरूचं तोंड उघडंच राहिलं. ते मिटलं, तेव्हा त्याचा चेहरा बदलला होता. "सरू," तो हळूच म्हणाला, "हैबतराव आधी आमच्याकडे हमाल होते."

सरू दाराजवळ सरकली. तिच्या नाकाला आता वास येत होता. ओला रंग, व्हार्निश आणि पेंढा. अख्खी सुट्टी ती त्याच वासात काढत होती, म्हणून आधी कळला नव्हता.

घरी आल्यावर तिने मामांना विचारलं, "मामा, गोडाऊन कुठे आहे आपलं?"

"आहे की, स्टँडाच्या मागे," मामा म्हणाले आणि एका तयार मूर्तीचा कान पुन्हा घासायला लागले. "का गो?"

"काही नाही."

ती मागच्या खोलीत गेली. खोली मोठी होती. वारा छान येत होता. पुतळी आणि तिची आई इथे सहज मावल्या असत्या, आणखी चार माणसंसुद्धा. सरू भिंतीला टेकून बसली. हातपाय पसरायचा तिला धीर होईना.

केरू आला, दार लोटून उभा राहिला. "कोणाला सांगायचं नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"बाबांचं नाव सगळ्या पेणभर होईल! लोक म्हणतील, महिपतीने गरिबांची जागा खाल्ली! तुझं काय, तू जाशील रोह्याला!"

"आणि पुतळी जाईल कळंबोलीला!"

"आपण तिला खाऊ नेऊ. वह्या देऊ."

"वह्या घेऊन ती भांडी घासेल का?"

"बाबांच्या जागी तुझे वडील असते तर बोलली असतीस का एवढं?"

सरू खिडकीकडे वळली. मामा तिचा फार लाडका होता. दर वर्षी एसटीतून उतरताना तिची पिशवी आधी मामाच्या हातात जाई आणि मग ती. उद्या लोक त्याच्याकडे बोट दाखवतील, आणि ते तिच्यामुळे.

"धरमतरला जाऊ या ना मग," कान्हू दारातून म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "बार्ज बघू. सलाम ठोकू. तसंच ठरलं होतं."

केरू निघून गेला. तो परतला तेव्हा त्याचं नाक लाल होतं.

"आईला न्यायचं तिथं," तो म्हणाला. "बाकी कोणाला नाही. पेपरवाले नाही, पोलीस नाही. बाबांना ओरडायचा पहिला हक्क आईचा आहे."

शुक्रवारी ऊन कलल्यावर तिघं मामीला बाजाराच्या निमित्ताने बाहेर घेऊन निघाली. निवाऱ्याच्या गल्लीत पोचली तेव्हा सगुणा आणि पुतळी दारात उभ्या होत्या. सगुणा किडकिडीत बाई, उन्हाने आणि मिठाने रापलेली. काखेत गाठोडं होतं.

"दादा, एक कोपरा द्या," ती म्हणत होती. "पोरीपुरता. मी भायेर ऱ्हाईन."

"बाई, भरलाय म्हणून किती वेळा सांगायचं!" हैबतराव म्हणाले. "तुमच्यासारखेच लोक आहेत आत. त्यांना उठवू का? माणुसकी म्हणून काही आहे की नाही?"

सरूने कान्हूला कोपराने ढोसलं.

"काका! काका!" कान्हू बोंबलत पुढे धावला. "मांजर! मागच्या खिडकीतून आत गेलं! हे एवढं! बोका!"

माणसांनी भरलेल्या खोलीत बोका शिरला, तर फार तर एखादा म्हातारा शिव्या घालील. पण हैबतराव पांढरेफटक पडले. खुर्ची उलटली. एक चप्पल गटारात गेली, दुसरी सगुणाच्या पायाशी. कुलूप निघालं, दोन्ही दारं धाडकन भिंतीवर आदळली.

"हुऽश! हुऽश!" ते ओरडत आत धावले. "सोंडा मोडल्या तर कोण भरून देणार! हुऽश!"

बोका कुठेच नव्हता.

खोली लांबलचक होती. दोन्ही भिंतींना लागून लोखंडी खाटा होत्या, देणगीदारांची नावं लिहिलेल्या. आणि प्रत्येक खाटेवर गणपती बसले होते. रंगवलेले, मुकुट घातलेले. रंगावर धूळ बसू नये म्हणून प्रत्येकाच्या अंगाभोवती गळ्यापर्यंत घोंगडं गुंडाळलेलं होतं. घोंगड्याच्या कोपऱ्यावर शिक्का होता, 'दीनसेवा मंडळ. गरजूंसाठी.'

कोणी हसलं नाही. हसण्यासारखं होतं, तरी.

सगुणाने सवयीने पायातल्या वहाणा काढल्या. हात जोडले. पुतळी मात्र तशीच उभी राहिली. एकेका खाटेवरून तिची नजर फिरत गेली आणि शेवटी आईवर येऊन थांबली.

"आय," ती म्हणाली, "आपण रोज भायेर निजायचो. तेव्हा हे हितं व्हते."

विमलमामी आत गेली. पहिल्या खाटेजवळ वाकली, मूर्तीच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या.

"ओळखीचे आहेत का, वहिनी?" हैबतराव क्षीण आवाजात म्हणाले.

"डोळे माझे आहेत," मामी म्हणाली. "मीच आखलेत." तिचा आवाज अगदी खाली गेला होता. "काय काय बघावं लागलं असेल यांना इथे बसून."

केरू दाराबाहेर भिंतीकडे तोंड करून उभा होता. सरूने त्याचा हात धरला. त्याने सोडवून घेतला नाही.

मामांना बोलावणं गेलं. ते आले, दारात थांबले, आणि सगळ्यांचे चेहरे पाहून त्यांना जे समजायचं ते समजलं.

"मला गोडाऊन म्हणून दिलं याने," ते हैबतरावांकडे बोट करून म्हणाले. "मोकळंच पडलंय म्हणाला. कोणी येत नाही म्हणाला."

"पाटी वाचलीत?" मामीने विचारलं.

"वाचली."

"मग विचारलं नाहीत? बेघर कुठे आहेत म्हणून?"

"नाही विचारलं."

"विचारलं असतंत तर जागा सोडावी लागली असती. म्हणून नाही विचारलंत."

मामांची नजर सरूवर गेली.

"तू ओळखलंस?"

"हो, मामा," सरू म्हणाली. "तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. पण तुम्ही त्या दिवशी कान घासत बसलात, माझ्याकडे बघितलं नाहीत. तेव्हा मला भीती वाटली."

मामांनी पहिल्या खाटेवरची मूर्ती उचलली, खांद्याला लावली, अंगावरचं घोंगडं सोडवलं आणि सगुणाच्या हातात दिलं.

"बाई," ते म्हणाले, "माफी मागायला मला जरा वेळ लागेल. आधी जागा रिकामी करतो."

"कारखान्यात जागा नाय तुमच्या," सगुणा म्हणाली. तिला अजून खरं वाटत नव्हतं. "देव उघड्यावर ठिवाल काय?"

"माझ्या घराला छप्पर आहे," मामा म्हणाले. "दाटी होईल एवढंच."

मग एकच धांदल उडाली! हातगाडी आली, पेंढा आला, शेजारच्या कारखान्यातली माणसं आली. केरू मूर्ती अशा उचलत होता, की जणू प्रत्येकीची स्वतंत्र माफी मागतोय. कान्हू गाडीपुढे ओरडत चालला, "बाजूला व्हा! देव घरी चाललेत!" हैबतरावांनीही अनवाणी गाडी ढकलली. त्यांच्याइतकं सांभाळून मूर्ती नेणारा दुसरा कोणी नव्हता, हे त्यांच्याविषयी सांगण्यासारखं एकमेव चांगलं, म्हणून सांगितलं. अंधार पडायच्या आत मागची खोली भरली, माजघर भरलं, आणि सरूची वळकटी स्वयंपाकघरात चुलीशेजारी गेली.

शनिवारी सकाळी शेड पाडायला माणसं आली, तेव्हा बाकांमागे पुतळीची वाकळ नव्हती. पण तिथे निजणाऱ्या त्या दोघीच नव्हत्या. शेड पाडू लागल्यावर कळलं, की तिथे आणखी माणसं राहत होती. तांबडी भाजी विकणारी धोंडुबाई, जिच्याकडून मामी नेहमी भाजी घेई. ती रात्री कुठे जाते, हे मामीने कधी विचारलं नव्हतं. काम सुटलेला नाथा, ज्याला केरू हमाल समजत असे. पेणमधले सगळे त्यांना रोज पाहत होते. फक्त ते तिथे निजतात, हे कोणी पाहिलं नव्हतं. सगळे एकामागून एक निवाऱ्याकडे निघाले. मामी दारात किल्ली घेऊन उभी होती. कालपासून ती तिने कोणाला दिली नव्हती.

दुपारी दीनसेवा मंडळाचे अध्यक्ष आले, हार आणि फोटोग्राफरसकट. हैबतराव त्यांचे साडू, त्यामुळे चौकशी होणार होती, फक्त कधी, ते ठरायचं होतं. अध्यक्षांनी सरू, केरू आणि कान्हूच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! अशा मुलांमुळेच आपल्या मंडळाचं कार्य उजेडात आलं!"

"उजेडात तर आणलंच," मामी म्हणाली.

मामांनी पाठीवर थाप मारली नाही. ते सरूजवळ येऊन हळू म्हणाले, "रोह्याला गेलीस की तुझ्या आईला सगळं सांग. मी चांगला वागलो, असं सांगू नको. तू चांगली वागलीस, असं सांग." आणि त्यांनी केरूच्या डोक्यावर हात ठेवला. केरूने मान वर केली. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

सगुणा दाराशी उभी होती. "निवारा म्हंजे घर नव्हं, भाऊ," ती अध्यक्षांना म्हणाली. "बांध बांधला, तर आमचं आम्ही घर बांधू. तेवढं वरती सांगा."

"अवश्य! अवश्य!" अध्यक्ष म्हणाले, आणि घसा साफ करून त्यांनी भाषणाचा कागद काढला. "बंधुभगिनींनो, आजच्या या मंगल..."

"सरू," पुतळीने आतून हाक मारली. ती दाराची मागची बाजू चाचपत होती. आज तिच्या अंगात गणवेश नव्हता. मामीने दिलेला सरूचा जुना फ्रॉक होता, खांद्यात जरा सैल. "ह्याला आतून कडी हाय काय गो?"

सरूने वाकून पाहिलं. "आहे. जरा गंजलीय."

"लावून बघू?"

"बघ की!"

"आता? ते बोलताहेत ना."

सरूने अध्यक्षांकडे पाहिलं. ते कागदाच्या पहिल्याच ओळीवर होते आणि कागद लांब होता.

"आता," सरू म्हणाली.

पुतळीने आईचा हात धरून तिला आत ओढलं. दोन्ही दारं लोटली. कडी आधी अडली. मग आतून कोणीतरी अंगाचा सगळा जोर लावला आणि ती खट्टकन बसली.

अध्यक्ष थांबले. सगळे थांबले. आत काहीच आवाज नव्हता. मग पुतळीच्या हसण्याचा आवाज आला, आणि कडी निघाली, आणि पुन्हा लागली.